माझ्या तोंडाचा फोटो

लेकीच्या साखरपुड्यात विहीणबाईंनी माझ्यासमोर लाडू धरला, तेव्हा मंडपातल्या सगळ्यांना वाटलं की मी लाजते आहे.

"घ्या ना वं बाई, अशी मान काहून वळवून राहिल्या?" त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात बुंदीचा अख्खा लाडू होता. आमच्याकडे अशा वेळी विहिणीच्या तोंडात लाडू कोंबायचा, तिनं नाही नाही म्हणायचं आणि बायांनी हसायचं, अशी गंमत चालते. मी नाही नाही म्हटलं. बाया हसल्या. पण लाडू काही तोंडात जाईना. माझे ओठ उघडले, दात मात्र एकमेकांपासून बोटभरच लांब गेले आणि तिथेच अडले. विहीणबाईंनी हसत हसत जोर लावला. बुंदी माझ्या हनुवटीवर, गळ्यावर, नव्या लुगड्यावर सांडली. मग त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"दाढ दुखून राहिली वाटते यांची," त्या बाजूच्या बाईला म्हणाल्या आणि उरलेला लाडू ताटात ठेवून दिला.

मी मान हलवली. दाढ दुखत नव्हती. माझं तोंड बंद होत चाललं होतं आणि का होत चाललं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

माझं माहेर कुहीकडचं. तिथे म्हाताऱ्या बाया तळहातावर तंबाखू मळत बसायच्या, त्या वासानं मला लहानपणी मळमळायचं. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा नवरा सेंट्रिंगच्या कामावर होता. मुलगी झाली, खोलीचं भाडं वाढलं, मग मीही रेजा म्हणून बांधकामावर जायला लागले. हुडकेश्वरच्या बाजूला तेव्हा शेतं मोडून प्लॉट पडत होते. एक इमारत उभी राहिली की शेजारी दुसरी. आम्ही बाया डोक्यावर घमेलं घेऊन दिवसभर वरखाली करायचो.

खर्रा माझ्या हाती मुकादमानं दिला. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एका प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पाटावर घासघास घासायचा, की झाला खर्रा. नागपुरात चौकाचौकात तो घोटणारे बसलेले असतात. आमच्यासारख्या बायांना पानठेल्यावर उभं राहायची लाज, म्हणून मुकादमच पुड्या घेऊन यायचा. स्लॅबच्या दिवशी जेवायला सुटी नसायची. काँक्रीट थांबून चालत नाही. तो चहा पाजायचा आणि चहासोबत खर्रा वाटायचा. "घ्या वं, भूक मरते यानं," म्हणायचा. खोटं नव्हतं ते. गालात धरला की पोट गप्प बसायचं, डोक्यावरचं ऊन जरा लांब गेल्यासारखं वाटायचं. लेक अंगावर पीत होती तेव्हा माझी. मला फार भूक लागायची.

पुढे स्लॅब नसला तरी तो लागायला लागला. सकाळी त्याच्याशिवाय पोट साफ होईना, दुपारी त्याच्याशिवाय घमेलं उचलवेना.

मग तोंडाला तिखट झोंबू लागलं. आधी ठेच्याचं झोंबलं, मग साध्या वरणाचं. जांभई देताना गाल आतून ताणले जायचे. भाकरीचा घास मोडून मोडून सुपारीएवढा करायची. नंतर भाकरी वरणात कुस्करून, बोटानं दातांच्या फटीतून आत ढकलायला लागले. ते कोणी पाहू नये म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी, भिंतीकडे तोंड करून जेवायची. लेकीला वाटायचं, आई दमते म्हणून उशिरा जेवते.

रविवारी मी विहारात वंदनेला जायची. पांढरं लुगडं नेसायची, आणि आत शिरण्याआधी मागच्या नळावर चूळ भरून गाल रिकामा करायची. पाचवं शील नशेच्या वस्तूंपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना आमच्या बायांच्या मनात दारू असायची, नवऱ्यांची दारू. खर्ऱ्याला कोणी नशा म्हणत नव्हतं. मी मात्र ते शब्द पुटपुटायची, मोठ्यानं म्हणायची नाही. जिभेवर अजून चुन्याची चव असायची.

साखरपुड्याची मंडळी गेली. मी लुगड्यावरची बुंदी झटकत होते. लेक समोर येऊन उभी राहिली.

"आई, तोंड उघड."

"कायले?"

"उघड म्हणतो ना मी."

मी उघडलं. तिनं आपली बोटं जोडून आत घालायचा प्रयत्न केला. एकच गेलं. तिनं ते बाहेर काढलं आणि तसंच हवेत धरून उभी राहिली, पुसलंही नाही. "अन् मले वाटे का तुले भूकच नाही लागत," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती चिडेल. सासरच्यांसमोर शोभा झाली म्हणून बोलेल. ती तसं काहीच बोलली नाही आणि मला तिच्याकडे बघवेना.

तिनंच मला दातांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. खुर्चीवर निजवलं, डोळ्यांवर दिवा आला. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्याच वयाची असेल. भोवती शिकणारी पोरं-पोरी उभी.

"मावशी, खर्रा खाता?"

"खात होती. आता नाही खात."

तिनं बारीक आरसा आत सरकवला. थोडा वेळ पाहिलं. मग एका टोकदार हत्यारानं माझ्या दाढेच्या फटीतून सुपारीचा ओला तुकडा काढला आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवला. तो तुकडा त्या स्वच्छ ट्रेमध्ये पडलेला आणि लेक माझ्या उशाशी उभी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात, ते मला त्या खुर्चीत कळलं.

डॉक्टरीणबाई रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं मऊ आवाजात समजावलं. गालाच्या आतली कातडी दोरीसारखी कडक झालीय, पहिल्यासारखी होणार नाही. सुया द्याव्या लागतील. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, म्हणजे तोंड हळूहळू ताणलं जाईल. "पण आधी खर्रा बंद. तो चालू असला तर आम्ही काही केलं तरी उपयोग नाही. अन् यातून कॅन्सर होऊ शकतो, मावशी." जाताना तिनं विचारलं, "तुमच्या तोंडाचा फोटो काढू का? लोकांना समजावायला कामात येईल. चेहरा दिसणार नाही." मी हो म्हटलं. ट्रेमधल्या तुकड्यानंतर मी तिला कशालाच नाही म्हणू शकले नसते.

खर्रा काही बंद झाला नाही. दोन दिवस धरायची, तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला यायचं, पायऱ्यांवर घमेलं कलायचं. मग मुकादमाकडे हात जायचा. घरी लेकीसमोर मी काड्या दातांत धरून बसायची आणि कामावर गाल भरायची.

अशातच वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एक मोठं पोस्टर लागलं. नळावर पाणी भरायला जाता-येता ते दिसायचंच. त्यात नाकाखालचा भाग होता फक्त. ताणलेले ओठ, तपकिरी दात, आतले पांढरे पडलेले गाल. डॉक्टरीणबाईनं शब्द पाळला होता, डोळे नव्हते, चेहरा नव्हता. पण हनुवटी होती. हनुवटीवर माझं गोंदण होतं, तीन ठिपके, मधला पुसट झालेला. आणि पुढचा अर्धा तुटलेला दात होता. तो विटेवर पडून तुटला हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं.

"अवं, हे तू होय ना वं?" शेजारीण म्हणाली. ती माझ्यासोबतच कामावर असायची, माझ्याच वयाची. तिनं हळूच विचारलं होतं, पण नळावरच्या सगळ्यांच्या पाण्याच्या गुंड्या जागच्या जागी थांबल्या.

संध्याकाळी नवऱ्यानं ऐकलं. "तुले कोणी सांगतलं होतं आपलं तोंड साऱ्या गावाले दाखवाले?" तो ओरडला. बोलताना त्याच्या गालात खर्रा होता, ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ येत होता. त्याचं तोंड अजून नीट उघडायचं. वस्तीतले पुरुष पोस्टरखाली उभे राहून खर्रा खायचे, तिथेच पिचकाऱ्या मारायचे आणि हसायचे. त्यांच्यातल्या कोणाला लाज वाटल्याचं मला दिसलं नाही. मी मात्र पदर हनुवटीपर्यंत ओढून चालायला लागले. लग्न जवळ येत होतं. व्याह्यांकडचं कोणी इकडे आलं तर काय, या विचारानं माझा जीव खालीवर व्हायचा.

एका दुपारी कामावर न जाता मी पोस्टर फाडायला गेले. केंद्र बंद होतं, रस्त्यावर ऊन रणरणत होतं. कोपरा नखानं उचलायचा एवढंच ठरवलं होतं. पण तिथे आधीच कोणी उभं होतं. मागच्या गल्लीतली एक बाई, भांडी घासायला बंगल्यांवर जाणारी. तिनं आपला गाल बोटानं बाजूला ओढून धरला होता. दुसऱ्या हातात छोटा आरसा होता. आरशात बघायची, मग पोस्टरकडे, मग परत आरशात.

मला पाहून ती दचकली. मीही. मग ती जवळ आली आणि माझ्यासमोर तोंड उघडलं.

"पाय बरं. माह्यं असं दिसते का?"

मी वाकून पाहिलं. उन्हात आत स्वच्छ दिसत होतं. एका बाजूचा गाल पांढुरका झाला होता.

"जाऊन दाखव वं," मी म्हटलं. "लवकर जा."

पोस्टर तसंच राहिलं.

त्यानंतर बाया यायला लागल्या. एकेकटी, कोणी नसताना. वंदना संपली की विहाराच्या मागे नळापाशी बोलवायच्या. मला दवाखान्यात कळलं होतं तेवढं मी सांगायची: तीन बोटं उभी जोडून दातांत घालून पाहा, जात नसतील तर जा. कोणी मशेरी लावायची, कोणी खर्रा, कोणी दोन्ही. सगळ्यांनी ते आपापल्या घरी लपवलेलं. त्या समजत होत्या की मी सोडला आहे. पोस्टरवरची बाई, काड्या धरून बसणारी बाई, तिनं सोडला असणारच. "तू कशी सोडली वं?" असं विचारायच्या. "सोडून राहिली," एवढंच मी म्हणायची आणि विषय बदलायची. त्यांना तेवढं पुरायचं.

शेजारणीनं तर मनावरच घेतलं. "तू सोडू शकते तं मी काहून नाही?" म्हणाली आणि मुकादमाचा हात सरळ मागे सारला. डबा आणायला लागली, पदरात भाजलेले चणे बांधून आणायची. डोकं दुखायचं म्हणून फडकं करकचून बांधायची. दोनदा तिला उलटी झाली. तरी पायऱ्या चढत राहायची. मुकादम हसायचा, "काय वं, डॉक्टरीण झाली का?" आणि मी तिच्या मागे घमेलं घेऊन चालायची. पुडी माझ्या कमरेला असायची.

मी विटांच्या चळतीमागे जाऊन खायची. तिथे एका दुपारी ती आली. लघवीला आली होती. मी पन्नी उघडून बसले होते, बोटांत खर्रा होता, तोंडाजवळ नेलेला.

ती काही क्षण उभी राहिली. डोक्याला फडकं, डोळे लाल. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, साऱ्यांना ओरडून सांगेल. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हात पुढे केला.

"दे."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. सिमेंटनं फाटलेला तळहात.

"दे म्हणतो ना. तुले चालते तं मले बी चालते."

मी दिला. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. तिनं तो गालात टाकला, डोळे मिटले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आम्ही दोघी तिथे बसून राहिलो. पलीकडे मिक्सर घरघरत होता. मुकादमानं हाक मारली तेव्हा ती उठली, पदरातले चणे तिथेच मातीत झटकले आणि गेली.

ती माझ्याशी बोलेनाशी झाली. तिनं कोणाला काही सांगितलं नाही, पण तिचा गाल परत भरलेला आणि आमचा अबोला पाहून बायांना कळलं. विहारामागे कोणी येईना. मी पांढरं लुगडं नेसून वंदनेला जायची आणि मागच्या रांगेत बसायची. ती पुढच्या रांगेत असायची. तिची पाठ बघत मी पाचवं शील ऐकायची.

शेवटी मी एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईला म्हटलं, "मी तेव्हा खोटं बोलली होती. अन् अजून खातो." ती म्हणाली, "माहीत आहे, मावशी. तो तुकडा मीच काढला होता." मग मी तिला विटांमागचं सांगितलं. सांगताना मला रडू आलं, बाजूच्या खुर्चीवरचा माणूस बघत होता, तरी सांगितलं. तिनं मास्क खाली केला.

"एका प्रयत्नात फार कमी लोकांचं सुटतं," ती म्हणाली. "तिला घेऊन या. दोघी या."

शेजारणीच्या दारात मी गेले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. आत ये म्हणाली नाही.

"डॉक्टरीणबाईनं दोघींले बोलावलं," मी म्हटलं.

"तू जा. तुह्या तोंडाचे फोटो हायेत तिथं."

"माह्यं तं गेलं वं आता. तुह्यं वाचू शकते. मी खोटी आहे, पण ती बाई खोटी नाही."

तिनं पोळी तव्यावर टाकली, उलटली, भाजली. मी उभीच होते. "उद्या कामावर खाडा पडन," ती म्हणाली तेव्हा कळलं की ती येणार आहे.

तिची तीन बोटं अजून जात होती, थोडी अडून. डॉक्टरीणबाई म्हणाली, हिचं वेळेत आहे. मला आनंद झाला आणि त्या आनंदातही आपण चोरासारखे उभे आहोत असं वाटत राहिलं.

डॉक्टरीणबाईनं काही गोळ्या दिल्या, चघळायच्या. पण खरं काम शेजारणीच्या एका अटीनं केलं. ती म्हणाली, "खाची इच्छा झाली तं खाय. पण पहिले मले तोंडावर सांगाचं. लपून नाही." माझ्यासाठी तसं, तिच्यासाठीही तसंच. तुम्हाला वाटेल यात काय एवढं. पण तिच्या समोर उभं राहून "मी आता खाऊन राहिली" असं म्हणणं मला इतकं जड जायचं की निम्म्या वेळा मी न खाता परत फिरायची. निम्म्या वेळा खायची. पुढे पुढे कमी झालं. तीही दोनदा माझ्याकडे आली, सांगून गेली आणि खाऊन आली.

जेवायच्या सुटीचं तिनंच मुकादमापुढे काढलं. "आमाले खर्रा नोको, अर्धा घंटा द्या," ती म्हणाली. तो हसला, दुसरीकडे जा म्हणाला. पण तेव्हा हुडकेश्वरला एकाच वेळी इतक्या इमारती चालू होत्या की रेजा मिळत नव्हत्या. स्लॅबच्या दिवशी निम्म्या-निम्म्या बाया आळीपाळीनं जेवायला लागल्या. पोटात अन्न असलं की तलफ जराशी मऊ पडते, हे एवढ्या वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आम्हीही स्वतःला सांगितलं नव्हतं. सगळ्या बायांनी काही सोडला नाही. काहींनी मुकादमाचा खर्रा बंद झाला म्हणून ठेल्यावर जायची लाज सोडली.

लेकीचं लग्न सदरच्या एका छोट्या हॉलमध्ये झालं. लग्नाआधीच तिनं सासरी माझ्या तोंडाचं सगळं सांगून टाकलं होतं. विहीणबाई त्यावर मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पंगतीत माझ्या पानात फक्त मऊ भात आणि वरण वाढायला त्यांनी कोणाला तरी सांगून ठेवलं होतं. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "तुम्ही पुरी नाही घेतली?" मी मान खाली घातली आणि भात कालवत राहिले.

तोंड आता दीड बोट उघडतं. त्यापुढे नाही. नवऱ्याचा खर्रा चालूच आहे. "तुमचं बायांचं बरं, एकमेकीले सांगत बसता," म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ वारला. मी कुहीकडे गावी गेले. माती देऊन माणसं परतली, आम्ही बाया ओसरीवर बसलो होतो. एका म्हाताऱ्या चुलतीनं तळहातावर तंबाखू मळली आणि चिमूटभर माझ्या हातात ठेवली. दुःखात बाईला तंबाखू देतात आमच्या गावी, तो मायेचा हात असतो. मी घेतली. ओठाखाली ठेवली. किती तरी महिन्यांनी ती चव तोंडात आली आणि भावासाठी जे रडू येत नव्हतं ते आलं.

मग मी उठून गोठ्यामागे गेले आणि शेजारणीला फोन लावला.

"मी खाल्ली वं," मी म्हटलं.

पलीकडे मिक्सरचा आवाज येत होता. ती कामावर होती.

"तोंडात हाय अजून?"

"हाय."

"थुंक. अन् चूळ भर. मी फोन नाही ठेवत."

गोठ्यापाशी जनावरांचं पाणी भरलेलं टाकं होतं. ओसरीवरून चुलती आणि वहिनी माझ्याकडे बघत होत्या, चुलतीच्या तळहातावर उरलेली तंबाखू तशीच होती. तिच्या देखत तिची तंबाखू थुंकताना माझी मान वर होईना. फोन कानाला तसाच धरून मी ओंजळीनं पाणी घेतलं, चूळ भरली, मातीत टाकली, आणखी एक भरली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं, आणि चुलतीला काय सांगायचं याचा विचार करत ओसरीकडे निघाले.